पंचमीचा वार

जळगाव,
१४ डिसेंबर २०२५

चि. हितेंद्र,

पाकीट पाहून हसला असशील. आग्रा रोडवर मोबाइलचं दुकान मांडून बसलेल्या माणसाला सख्खी बहीण पोस्टाने पत्र पाठवते म्हणजे तुझ्या धंद्याची अब्रूच गेली. शेजारच्या दुकानदारांना दाखवू नकोस.

आईला जाऊन दहा महिने होत आले. दुबईहून आल्यापासून मी फोन कानाला लावत नाही हे तुला ठाऊक आहे. वाजतो, मी बघते, तो वाजून थांबतो. शाळेचे निरोप हेच घेतात आणि मला सांगतात. डॉक्टरांनी कान तपासले. कान ठणठणीत आहेत म्हणाले. मला रडू येत नाही, राग येत नाही. वर्गात पाढे म्हणून घेते, घरी येऊन भाकरी टाकते. दाढेला भूल दिल्यावर आपलाच गाल आपल्याला परका वाटतो ना, तसं सगळ्या अंगाचं झालं आहे. व्हॉट्सअॅपवर लिही म्हणशील, पण तिथे वाचल्याच्या खुणा उमटतात आणि मग उत्तराची वाट बघत बसावं लागतं. पत्राचं तसं नसतं.

दोन कामं आहेत. पहिलं धुरपदा मावशीचं. आईची पाठची-पुढची म्हणावी अशी ती एकच बहीण, आणि मी आल्यापासून ती माझ्यासमोर उभी राहिलेली नाही. दहाव्याला ती सगळ्या बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ गेले तर उठून आत निघून गेली. राखीला तुझ्याकडे आले तर रूपाली म्हणाली, मावशी कालच साक्रीला गेल्या. आईच्या शेवटच्या दिवसांत ही दुबईत हिंडत होती, असं तिने मनात धरलं असेल तर तसं मला स्पष्ट सांग. तिचं काही चुकत नाही. यांच्या कृषी केंद्राने ठिबकचा माल ठरल्यापेक्षा जास्त विकला, कंपनीने डीलर लोकांना जोडीने फिरायला नेलं, आणि मी नवी साडी नेसून गेले. जायचं नाही असं कुणी म्हटलंही नव्हतं.

निघण्याआधी माझं आणि आईचं वाजलं होतं, ते तुला माहीत नसावं. तूच माझ्या फोनमध्ये परदेशातला पॅक टाकून दिला होतास आणि दहादा बजावलं होतंस, की तिकडे व्हॉट्सअॅपवरून बोलणं चालत नाही, तोंडं दिसणार नाहीत, साधा फोन लाव आणि मिनिटं जपून वापर. मी रोज संध्याकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवर उभी राहून चार-पाच मिनिटं बोलत होते. बुधवारी मला आईला जे सांगायचं होतं ते सांगून झालं, आणि गुरुवारी पहाटे ती गेली. माझ्या हातून तेवढं एक वेळेवर झालं.

दुसरं काम वर्षश्राद्धाचं. तारीख कळव. रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो.

दाजी बरे आहेत. रूपालीला आशीर्वाद.

तुझी,
कामिनी अक्का


धुळे,
२६ डिसेंबर २०२५

ती. अक्कास हितेंद्रचा नमस्कार,

पोस्टमनने पाकीट काउंटरवर ठेवलं तेव्हा रूपालीला वाटलं कोर्टाची नोटीस आली. मी गिऱ्हाइकासमोर फोडलं नाही, घरी नेऊन वाचलं. उत्तराला उशीर झाला त्याची माफी. तीन कागद फाडले. तुला मास्तरीणबाईला पत्र लिहायचं म्हणजे शुद्धलेखनाची भीती वाटते, दुसरं काही नाही.

मावशीचं तू काहीच्या काही मनात घेऊन बसली आहेस. तिचा गुडघा धरला आहे. बस चढवत नाही. साक्रीहून धुळ्याला यायचं म्हटलं तरी तिला दोन माणसं लागतात. तुझ्याबद्दल तिच्या मनात तिळाएवढंही काही नाही. उलट दर वेळी विचारते, कामिनी जेवते का, शाळेत जाते का. मी म्हणतो, जाते.

तू दुबईला गेलीस त्यात कुणाचा काय दोष? दाजींनी घाम गाळला म्हणून कंपनीने नेलं. आई सगळ्या गल्लीला सांगत होती, मनी पोर विमानमा बसनी. तू उगाच स्वतःला खात बसू नकोस.

फोनचं मात्र एकदा मनावर घे. माझ्या दुकानात रोज पन्नास माणसं फोन चालत नाही म्हणून येतात, त्यांचे चालू करून देतो, आणि घरच्या माणसाचं जमत नाही. हे मी हसत लिहितो आहे असं समज.

वर्षश्राद्धाचं महाराजांना विचारलं. तिथी माघ वद्य पंचमी. यंदा ती ६ फेब्रुवारीला, शुक्रवारी येते. रजा टाकून ठेव. जेवायला पंचवीसेक पानं धरली आहेत. आईला आवडायचं म्हणून वांग्याचं भरीत करावं असं रूपाली म्हणते. श्राद्धाला चालतं की नाही ते मावशीला विचारू.

तुझा,
हितेंद्र


जळगाव,
३० डिसेंबर २०२५

चि. हितेंद्र,

पत्र काल दुपारी मिळालं. माघ वद्य पंचमी हे शब्द वाचून पुढचं भरताचं वाचलं, घडी केली, आणि पोळ्या लाटायला घेतल्या. चौथ्या पोळीला हात थांबला.

पंचमीच्या आदल्या दिवशी चतुर्थी, म्हणजे संकष्टी. गेल्या माघातली संकष्टी रविवारी होती, १६ फेब्रुवारीला. मला कॅलेंडर काढावं लागलं नाही. त्या दिवशी मी दुबईत उपास धरला होता, बसमधल्या बायका माझी थट्टा करत होत्या, आणि त्या उंच इमारतींच्या मागून चंद्र कधी वर आला ते कळलंच नाही. म्हणजे पंचमी सोमवारी आली. तू मला गुरुवार सांगितला होतास.

मग दहावा आठवला. तुम्ही तो महाशिवरात्रीला केलात. गुरुवारपासून मोजलं तर तो सातवाच दिवस होता. महाराजांना पुढे यात्रेला जायचं आहे म्हणून दिवस ओढून घेतले, असं तू म्हणालास आणि मी मान हलवली. त्या दिवसांत तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी मी मान हलवलीच असती. सोमवारपासून मोजलं तर महाशिवरात्रीला बरोबर दहा दिवस भरतात.

वार खोटा सांगितलास, पण तिथी खोटी सांगायला तुझा हात धजला नाही. भलत्या तिथीला पाणी दिलं तर ते आईला पोचणार नाही, एवढी भीती तुलाही आहे. ते बरंच आहे.

मी चिडलेली नाही. चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. आई कुठल्या दिवशी गेली ते लिही. मागचंपुढचं सगळं लिही.

कामिनी


धुळे,
१२ जानेवारी २०२६

ती. अक्कास,

सोमवारी गेली. दुपारी बारा वाजून गेले होते. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, धुरपदा मावशी समोर होती. आईने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी दुकानातून पळत आलो तोवर डॉक्टर बघून निघाले होते.

वाटेवरच्या माणसाला मरणाची बातमी देऊ नये, तब्येत बरी नाही, निघून या, एवढंच म्हणावं, ही आपली रीत तुलाही माहीत आहे. आत्या गेली तेव्हा नानांना तू स्वतः फोनवर असंच सांगितलं होतंस. पण तू यावल-चोपड्याला गेलेली नव्हतीस. समुद्रापलीकडच्या माणसाला निघून ये म्हणून काय उपयोग? ग्रुपचं तिकीट, ग्रुपचा व्हिसा. दाजींना एकट्याला सांगावं असं एकदा वाटलं, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. आईला ठेवायचं तरी कुठे आणि किती दिवस? पाच वाजता पांझरेच्या काठी स्मशानात नेलं.

घरी आलो, अंघोळ झाली, आणि तुझा फोन आला. नेहमीच्या वेळेला. मी उचलला. तू म्हणालीस, आई आहे का? मावशी शेजारी बसली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, बोल, मी आईच बोलते. मी तिला तसं सांगितलेलं नव्हतं, अक्का. पण मी अडवलंही नाही. दोघी बहिणींचा आवाज एकच. नाना होते तेव्हा फोनवर त्यांचीही फसगत व्हायची. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तीच तुझ्याशी बोलली. गुरुवारी मात्र तिने फोनला हात लावला नाही, म्हणून मी तुला आई झोपली आहे असं सांगितलं.

शुक्रवारी तुमचं विमान मुंबईला उतरलं तेव्हा मी दाजींना आईची तब्येत बरी नाही, सरळ धुळ्याला या, एवढं म्हणालो. शनिवारी तू आलीस ते दारावर बसलेली माणसं बघूनच समजलीस. चप्पल पायात असतानाच मला विचारलंस, बुधवारी आईने माझं ऐकलं ना? तुझं तोंड बघून मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर आईला बुधवारपर्यंत जिवंत ठेवणं भाग होतं. म्हणून गुरुवार सांगितला. रूपालीला आणि गल्लीतल्या बायकांना मीच दम दिला.

बुधवारी तू काय बोललीस ते मला आजही माहीत नाही. मी बाहेर होतो आणि मावशीने सांगितलं नाही. तिचा गुडघा ठीक आहे. ती तुझ्यासमोर यायला घाबरते. आपण पोरीला फसवलं, असं म्हणते. माझ्यावर काय काढायचा तो राग काढ. तिला सोड.

हितेंद्र


जळगाव,
१५ जानेवारी २०२६

चि. हितेंद्र,

मावशीला सांग, तिने मला फसवलं नाही. फोनवर ती आहे हे मला सोमवारीच कळलं होतं.

नाना फसायचे, मी नाही. आई फोन हातात घेतला की आधी घसा साफ करते आणि पलीकडे ऐकू येतंय का ते ओरडून विचारते. मावशी सरळ बोलायला सुरुवात करते. मी पायऱ्यांवर उभी होते, पहिल्या शब्दाला ओळखलं आणि गप्प राहिले. कारण मला वाटलं, आई तिच्या शेजारी बसली आहे.

आईचा अबोला तू पाहिला आहेस. नानांशी एकदा अख्खा उन्हाळा बोलली नव्हती. नाना समोर पाटावर बसलेले असायचे आणि ती तुला सांगायची, तुझ्या बापाला म्हणावं ताट वाढलंय. माझ्यावरही तिने तसाच अबोला धरला होता, आणि तो मी ओढवून घेतला होता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती माझ्याकडे महिनाभर होती ना. मी दुबईची बॅग भरत होते आणि ती मला न विचारता आत वाळवणातले ज्वारीचे बिबडे कोंबत होती. मी काढले की परत घालायची. तिकडे काय खायला मिळेल न मिळेल, म्हणायची. तिसऱ्यांदा मी सगळे बिबडे ओट्यावर उलटे केले. निम्म्याचा चुरा झाला. आणि मी म्हणाले, "तू आहेस तोवर मला माझं घर माझं वाटत नाही." सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात ती पिशवी घेऊन एकटी बसस्टँडवर गेली. डोळ्यात घालायचं औषध माझ्याकडेच राहिलं. मी तिच्या मागे गेले नाही. मला पार्लरला जायचं होतं.

शनिवारी मी फोन केला तर तू म्हणालास ती देवळात गेली आहे. रविवारी मावशीने फोन घेतला, पण मावशी म्हणूनच बोलली. मी उपास असल्याचं सांगितलं तर मावशी म्हणाली, "ती म्हणते, खजूर खा." मला बरं वाटलं. म्हणजे अबोला आहे, पण आई शेजारी बसून मावशीच्या तोंडून बोलते आहे. सोमवारी मावशीने मी आईच बोलते म्हटलं तेव्हा वाटलं, दोघी बहिणी मिळून माझी गंमत करताहेत, आई पदर तोंडाला लावून ऐकते आहे. म्हणून मीही आई म्हणूनच बोलत गेले. सोन्याच्या बाजाराचं सांगितलं, वाळूतल्या गाडीचं सांगितलं.

आणि बुधवारी म्हणाले, "आई, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं." मागे शिवजयंतीचे ढोल वाजत होते. मग मावशी म्हणाली, "मना मनमा काहीच नही व माय. तू खुशाल फिर." वाक्य मावशीचं आहे हे मला कळत होतं. पण आईने मान हलवली असेल तेव्हाच ती असं बोलली असेल, असं मी धरून चालले. त्या एका वाक्यावर मी हे जवळजवळ अकरा महिने काढले. आता तू सांगतोस की तेव्हा शेजारी कुणीच नव्हतं.

मावशीला एकच विचार. आई माझ्यावर रागावलेली असतानाच गेली का? रविवारी, सोमवारी सकाळी ती माझ्याबद्दल काही बोलली का? खरं असेल ते लिहायला सांग. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नका.

कामिनी


साक्री,
२५ जानेवारी २०२६

कामिनी ताई,

हितेंद्र आणि मी काल साक्रीला आलो आणि तुमचं पत्र मावशींना वाचून दाखवलं. मावशी सांगतात ते मी लिहिते. त्या बोलल्या ती अहिराणी मी आपल्या लिहायच्या भाषेत केली आहे, पण माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. – रूपाली

कामिनी माय,

तुला कळत होतं आणि मी आपली सोंग करत बसले होते. तुझ्या नानांनी हसून लोळण घेतली असती.

तू विचारलंस ते सांगते. तुझ्या आईने, भागीने, मला शनिवारी बोलावून घेतलं. बिबड्यांचं सांगितलं, तू बोललीस ते शब्द न शब्द सांगितलं. म्हणाली, "आते मी तिना घरमा पाय ठेवाव नही." मी समजावलं. ती ऐकणाऱ्यातली नव्हती.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा ती शेजारीच होती, हे खरं आहे. मी फोन तिच्या कानाशी नेला तर तिने तोंड भिंतीकडे केलं. खजूर खा असं ती म्हणाली नाही. ते मी म्हणाले. पण कामिनी, समोर टीव्ही चालू होता, तिची ती रोजची मालिका. तू बोलायला लागलीस तेव्हा तिने हाताने चाचपून रिमोट घेतला आणि आवाज बारीक केला. मी फोन ठेवल्यावर पुन्हा मोठा केला. झालं ते एवढंच. सोमवारी सकाळी तुझं नाव निघालं नाही. शेंगांना कीड लागली आहे, असं म्हणत होती. रागात गेली की राग सोडून गेली हे मला माहीत नाही. एकदा तुझ्याशी खोटं बोलले ते पुरे झालं.

आता बुधवारचं. सकाळी आम्ही तिची राख सावडून आलो होतो. माजघरात पीठ पसरून दिवा ठेवला होता. संध्याकाळी बाहेर ढोल वाजत होते, तुझं ऐकू येईना, म्हणून मी फोन घेऊन आत दिव्याजवळ सरकले. तू म्हणालीस, चुकलं माझं. मला वाटलं होतं तू जेवणाखाण्याचं बोलशील. लोक म्हणतात दहा दिवस जीव घरातच असतो. असेल. मी पिठाकडे बघत राहिले. त्यावर काही उमटलं नाही. भागी जिवंत असतानाही कधी आपण होऊन बोलली नाही, ती आता काय बोलणार? मग मी बोलले. दुसऱ्या दिवशी फोन घ्यायची मला हिंमत झाली नाही. तू अजून काही मागितलं असतंस तर मी काय दिलं असतं?

लहानपणापासून ती ज्याच्या-त्याच्याशी अबोला धरायची आणि मी जाऊन बोलून यायचे. आमच्या बापाशी, तिच्या सासूशी, तुझ्या नानांशी. सगळ्यांना मी सांगत आले, तिच्या मनात काही नाही. तिच्या मनात असायचं. मी तरी सांगायचे, नाही तर घरं कशी चालली असती?

तू ते बोलणं तिचं म्हणून इतके दिवस सांभाळलंस. तसं सांभाळू नको. तुला माफ केलं ते मी केलं. मी तिच्यापेक्षा मोठी आहे, तुला न्हाऊ-माखू मी घातलं आहे, तेवढा माझा हक्क असेल असं मला वाटलं. माझं म्हणून घ्यायचं असेल तर घे. नाही तर टाकून दे, मला वाईट वाटणार नाही.

श्राद्धाला भरीत चालत नाही, हे हितेंद्रला सांगितलं आहे.

तुझी,
धुरपदा मावशी


जळगाव,
३० जानेवारी २०२६

ती. धुरपदा मावशीस,

पत्र परवा शाळेत जाताना मिळालं. स्टाफरूममध्ये वाचलं आणि वर्गावर गेले. हजेरी घेता घेता रडू आलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा, आणि थांबेना. शेजारच्या वर्गाच्या मोहिनीबाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांनीच पुढची नावं वाचली.

रजा मंजूर झाली आहे. ६ तारखेला सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघं निघू. तू आदल्या दिवशी धुळ्याला येऊन राहा. मी आल्यावर उठून आत जाऊ नकोस.

टीव्हीचं जे लिहिलंस ते मी कितीदा तरी वाचलं. यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, बघ, म्हणजे तिने ऐकलं. आवाज बारीक केला, एवढं झालं आहे, तेवढंच मी ठेवते.

तुझं बोलणं मी तुझं म्हणून घेतलं, मावशी. आईचं राहिलं ते राहिलंच.

तुझी,
कामिनी